बांधाकडे वळणारी काडी

मी एक जुना सोनशोध्या आहे. जुना म्हटलं की तुम्हाला पणजोबांच्या काळातलं, गंज चढलेलं काहीतरी वाटेल. तसं नाही, मित्रांनो. महायुद्ध संपलं त्या वर्षीचा माझा जन्म. पण माझी मूठ ज्या लाकडाची आहे ते लाकूड माझ्याहून पुष्कळ जुनं आहे, आणि मला जी स्वप्नं पडतात ती त्या लाकडाचीच असावीत.

सोनशोध्या म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. एक लाकडी मूठ. मुठीच्या माथ्यावर काडेपेटीएवढी पितळी डबी. डबीवर एक उभी खुंटी, आणि त्या खुंटीवर आडवी बसवलेली हातभर लांबीची पितळी काडी. ही काडी इतकी मोकळी की जरा हात हलला तरी फिरते. माणसाने मूठ धरायची, मनात सोन्याचं नाव घ्यायचं आणि चालू लागायचं. कोसभर लांब सोनं पुरलेलं असलं तरी काडी तिकडे वळते. निदान मला विकणारा माणूस तसं सांगत असे. ते खरं की खोटं यावरून एक अख्खं गाव भांडलं. गावाचं नाव मी सांगत नाही. आटपाडीच्या पलीकडे माळावर ते आहे, आणि तिथली माणसं अजून त्या भांडणाची आठवण काढून एकमेकांना चिडवतात.

माझा जन्म मात्र मिरजेचा. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे. त्या गल्लीत चांदसाहेब मिस्त्रींचं दुकान होतं. छताला वाळलेले भोपळे टांगलेले असत, भिंतीला अर्ध्या झालेल्या दांड्या टेकलेल्या असत, आणि दिवसभर कुठली ना कुठली तार जुळत असे. माझं लाकूड तुणीच्या झाडाचं. तंबोऱ्याची दांडी करायची म्हणून ते आणलं होतं. चांदसाहेबांनी ते रंधलं, बोटांनी वाजवून पाहिलं, कान लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. लाकडात गाठ निघाली.

"गाठीचं लाकूड सूर आडवतंय," ते आपल्या बायकोला, झुबेदाला, म्हणाले.

"मग चुलीत घालू?" झुबेदाने विचारलं.

"नगं. ऱ्हाऊ दे. कशाला तरी यील कामाला."

असा मी चुलीतून वाचलो आणि कोपऱ्यात जाऊन पडलो. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी तंबोरे तयार होऊन गेले. तार पहिल्यांदा गुंजली की सगळं दुकान क्षणभर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. मी कोपऱ्यात अंग चोरून ऐकत राहायचो. आपण वाजणार नाही हे मला कळलं होतं, पण ऐकायला कुणाची ना नव्हती.

एक दिवस साहेबी टोपी घातलेला, गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक फिरता विक्रेता दुकानात आला. त्याने कागदावर माझं चित्र काढून दाखवलं. चांदसाहेबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"आवं शेट, ह्येला भोपळा न्हाई, तार न्हाई. ह्ये वाजवायचं कसं?"

"वाजवायचं नाही मिस्त्री," विक्रेता हसून म्हणाला, "नुसतं दाखवायचं."

गाठीचं लाकूड मुठीला चाललं. डबीत काय घालायचं, असं विचारल्यावर विक्रेता म्हणाला की काहीच घालू नका. पण रिकामी डबी कुणाच्या हातात देणं चांदसाहेबांना बरं वाटेना. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकायच्या पट्टीवर, तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात. तो नीट बसला की तार गुंजते, म्हणून कारागीर त्या दोऱ्याला 'जीव' म्हणतात. तसला एक तुकडा त्यांनी माझ्या डबीत ठेवला आणि झाकण ठोकून बंद केलं. माझ्या पोटात काय आहे, ते एवढंच. विक्रेता पुढे सांगत सुटला की डबीत सोन्याचं बी आहे, आणि डबी उघडली तर ते उडून जाईल.

आटपाडीच्या बैलबाजारात मला नाथाजीने घेतलं. नाथाजी नुकताच फौजेतून परत आला होता. तो बैल घ्यायला म्हणून बाजाराला आला आणि मला घेऊन घरी गेला.

त्याची आई बनुबाई दारातच उभी होती. "बैल कुठाय रं?"

"आये, ह्यो बैलापरास भारी हाय. जमिनीतलं सोनं दावतोय."

बनुबाईने मला हातात घेऊन पाहिलं. "ह्येला वैरण लागत न्हाई, त्येवढंच बरं," असं म्हणून ती आत गेली.

नाथाजी मूर्ख नव्हता, मित्रांनो. त्याला हसू नका. इटलीत त्याच्या पलटणीतले लोक कानाला यंत्र लावून जमिनीतले सुरुंग हुडकत, ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. जमिनीतलं लोखंड कळतं तर सोनं का कळू नये, असं त्याला वाटलं तर त्यात नवल काय? आणि घरात एक दुःखही होतं. त्याचा धाकटा भाऊ धुळा त्याच्या पाठोपाठ फौजेत गेला होता. इटलीतली एक नदी ओलांडताना तो दिसेनासा झाला. मेला असंही कुणी सांगेना, आहे असंही सांगेना. धुळाची बायको अंजना कपाळाचं कुंकू तसंच ठेवून होती आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नव्हतं.

नाथाजीच्या हातात माझी काडी वाटेल तशी भरकटायची. विक्रेत्याने मात्र त्याची तजवीज आधीच करून ठेवली होती. यंत्र पायाळू माणसाच्या हातात चालतं, असं तो सांगून गेला होता. जन्मताना ज्याचं डोकं येण्याऐवजी पाय आधी येतात तो पायाळू. त्याला भुईतलं धन दिसतं असं लोक मानतात. वीज चमकायला लागली की ती अंगावर पडेल म्हणून त्याला घरात कोंडतात, आणि कंबरेत उसण भरली की त्याच्याकडून पाठीत लाथ मारून घेतात. अंजना पायाळू होती. गावातली थोर थोर माणसं तिच्यापुढे पालथी पडायची, आणि ती बिचारी आधी त्यांना नमस्कार करून मग हळूच पाय लावायची.

तर मला अंजनाच्या हातात दिलं. म्हणजे नाथाजीने आईला सांगितलं, "तिला म्हणावं काडी धर," आणि आईने तिला सांगितलं. थोरल्या दिरासमोर सुनेने तोंड उघडायचं नाही, अशी त्या घरची रीत होती. तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि मूठ धरली. तिचा हात पाण्याच्या घागरींनी घट्टे पडलेला होता, पण धरणं फार हलकं होतं. कितीतरी दिवसांनी मला मिरजेचं दुकान आठवलं. तार जुळायच्या आधी कारागीर जसा थांबतो, तशी ती थांबली होती. माझी काडी सावकाश वळली आणि गावच्या तळ्याच्या बांधाकडे तोंड करून उभी राहिली.

अंगणातून पाहिलं तरी बांध. मारुतीच्या देवळापासून पाहिलं तरी बांध. खळ्यावरून पाहिलं तरी बांधच. गावात एकच गलका झाला. तळं बांधणाऱ्याने बांधाच्या पायात मोहरांचा हंडा पुरलाय, अशी वदंता आजोबा-पणजोबांपासून चालत आली होती. आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला! नाथाजीने जाहीर केलं की बांध खणायचा.

आता त्या माळावर तळं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. तिकडे पाऊस रुसलेला असतो. विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवतात. तळ्यात जे काही साठेल त्यावर माणसं, मेंढरं, बैल सगळी मृग निघेपर्यंत जगतात. बांध फोडला तर उरलंसुरलं पाणी ओढ्याला जाणार, आणि पुढचा पाऊस पडला तरी तळ्यात थेंब राहणार नाही. हंडा निघाला तर गाव राजा, नाही निघाला तर गाव उठलं. अशी ती गोष्ट होती.

पारावर बैठक बसली. विरोधाला उभे राहिले लालासाहेब. ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर होते. आवाज बारीक, पण मुद्दा सोडायचे नाहीत.

"नाथाजी, तुजं ते सुरुंगाचं यंत्र बॅटरीवर चालतं. वीतभर खालचं लोखंड त्याला कळतं. ह्यात बॅटरी कुठाय? कोसावरचं सोनं ह्याला कळतंय कशानं?"

"मास्तर, होकायंत्राला तरी कुठं बॅटरी आसती? ती सुई उत्तर दावतीया का न्हाई?"

"ती लोहचुंबकाची आसती म्हणून. ही पितळंची काडी हाय गड्या. पितळंला सोन्याचं काय सोयरसुतक?"

"मग पायाळूला भुईतलं कसं दिसतंय?"

"दिसत न्हाई. ती समजूत हाय."

"व्हय व्हय," नाथाजी म्हणाला, "गेल्या शिमग्यात उसण भरली, तवा आमच्या अंजनापुढं पालथं कोण पडलं हुतं? तवा कुठं गेलतं तुमचं शास्त्र?"

सगळा पार हसला. मास्तरांचा हात आपोआप कंबरेकडे गेला. गावातल्या म्हाताऱ्यांना कित्येक दिवस पुरेल एवढी करमणूक त्या एका वाक्याने झाली.

पण मास्तर हटले नाहीत. त्यांनी परीक्षा मागितली. बनुबाईने आपल्या गळ्यातलं सोन्याचं डोरलं काढून दिलं. पारासमोर कोंबड्यांची डालगी पालथी घालून ओळीने मांडली आणि एकाखाली डोरलं ठेवलं. कुठल्या डालग्याखाली ते अंजनाला कळू नये म्हणून तिला तोवर देवळात बसवलं होतं. मग ती मला घेऊन आली. मी मनापासून प्रयत्न केला, मित्रांनो. सोनं कसं लागतं, त्याचा वास असतो का, त्याला तारेसारखा काही गुंजारव असतो का, मी कान देऊन ऐकलं. काहीसुद्धा ऐकू आलं नाही. माझी काडी डालग्यांवरून निघाली आणि सरळ बांधाकडे जाऊन थांबली. एका डालग्याखाली राहून गेलेली कोंबडी तेवढी ओरडली.

"बघा!" मास्तर म्हणाले.

"बघा!" नाथाजीही म्हणाला. "अंगावरच्या सोन्याकडं ती ढुंकून बघत न्हाई. जुनं पुरल्यालं सोनं वाफ सोडतंय. ह्ये डोरलं आत्ता ठेवल्यालं, ह्येची वाफ कुठनं यायची?"

मास्तरांनी अंजनाचे डोळे बांधून तिला गरागरा फिरवायला सांगितलं. तेव्हा काडी एकदा देवळाकडे, एकदा उकिरड्याकडे वळली. नाथाजी म्हणाला, डोळं बांधल्यावर पायाळूची नजरच बंद झाली, काडी काय करंल? प्रत्येक कुलपाला त्याच्याकडे किल्ली होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि इथे तर काडी पितळेची होती. तो हट्ट का सोडत नाही हे कुणाला कळत नव्हतं. सगळे मला निरखून पाहत होते, डबी हलवून पाहत होते, कानाला लावत होते. जिच्या हातात मी होतो ती पदराआड खाली मान घालून उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी हात वर करून ठरलं. बहुतेकांना हंडा हवा होता. बाजार झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाला कुदळ लावायची.

त्या सकाळी आख्खं गाव तळ्यावर आलं होतं. तळ्यात मधोमध थोडंसं पाणी होतं आणि त्यात आभाळ पडलं होतं. नाथाजीने नारळ फोडला. कुदळी, फावडी, पाट्या घेतलेले गडी रांगेने उभे राहिले. बायका एका बाजूला घागरी घेऊन आल्या होत्या, कारण फुटणारं पाणी जेवढं धरता येईल तेवढं धरायचं होतं. लालासाहेब मास्तर बांधाच्या मधोमध बसकण मारून बसले होते. "आदी माज्यावर कुदळ घाला," असं ते म्हणत होते, आणि त्यांच्या बारीक आवाजात रडू होतं.

नाथाजी आईला म्हणाला, "तिला म्हणावं नेमकी जागा दाव. बांध लांबडा हाय."

अंजनाने मला उचललं आणि बांधाच्या पायथ्याशी आली. काडी बांधाकडे होती. ती बांध चढू लागली. वर आली तरी काडी पुढेच. ती मास्तरांना वळसा घालून बांधावर उभी राहिली, आणि माझी काडी बांध ओलांडून पलीकडे पाहू लागली.

"आरं तिच्या! हंडा पल्याड हाय!" कुणीतरी ओरडलं.

ती बांध उतरली. पलीकडे बाभळींतून एक पायवाट जाते. काडी पायवाटेने पुढे, अंजना काडीमागे, आणि तिच्यामागे कुदळी घेतलेलं सगळं गाव. मास्तरही उठून धोतर झटकत मागे आले. पावलं धुळीत पडत होती आणि त्यांचा आवाज येत नव्हता. मला वाटलं आम्ही सगळे मिळून एका स्वप्नात चाललो आहोत, आणि ते स्वप्न माझं नाही. मी तिला नेत नव्हतो. तिच्या मनगटाचा कल जिकडे, तिकडे माझी काडी. ती मला नेत होती.

पायवाट जिथे आटपाडीच्या सडकेला मिळते तिथे एक कडुलिंब आहे. त्याच्याखाली ती थांबली. काडीही थांबली. गड्यांनी पाट्या टेकल्या आणि एकाने कुदळ डोक्यावर उचलली.

"खणू नगा," अंजना म्हणाली.

तिचा आवाज गावातल्या पुरुषांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला. ती सासूकडे न बघता सरळ नाथाजीकडे बघत होती.

"भावजी, हितं सोनं न्हाई. फौजेत जाताना हितं त्येंनी मागं वळून बगितलं हुतं. फेट्याचा शेमला हलिवला हुता. मी बांधावर हुते. येवढंच हाय हितं."

कुदळ तशीच वर राहिली.

"काडी वळत न्हाई, भावजी. माजा हात वळतोय. रोज पाण्याला येती तवा हिकडंच बगती मी. हाताला तीच सवय लागलीया."

नाथाजी एक पाऊल पुढे आला. "मग... मग आदी का न्हाई सांगितलंस?"

"कुणी इचारलं मला? समद्यांनी काडीला इचारलं."

नाथाजी कडुलिंबाच्या बुंध्याशी खाली बसला. फौजेतला उंचापुरा गडी, पण गुडघ्यात डोकं घालून लेकरासारखा रडला. मग जमिनीकडे बघतच तो बोलला.

"मला हंडा कशापायी पायजे हुता, ठावं हाय? आगबोटीनं जायाचं हुतं. त्या नदीकाठी जाऊन हुडकायचं हुतं त्येला. मीच नेला हुता त्येला भरतीला. मीच."

म्हणजे दोघंही एकाच सोन्यामागे होती, मित्रांनो. एका घरात राहत होती, एका चुलीवरची भाकरी खात होती, आणि एकमेकांना सांगत नव्हती. बनुबाई पुढे आली. तिने एक हात मुलाच्या डोक्यावर ठेवला आणि एक सुनेच्या पाठीवर. लालासाहेब मास्तर वाद जिंकले होते, पण त्यांनी फक्त त्या गड्याच्या हातातली कुदळ घेऊन खाली ठेवली.

बांध वाचला. त्या वर्षी मृग वेळेवर निघाला आणि तळं काठोकाठ भरलं. धुळाची काही खबर आली नाही. मात्र त्या घरात आता त्याचं नाव निघतं. नाथाजी जेवताना त्याच्या लहानपणच्या खोड्या सांगतो आणि अंजना त्याच्यासमोर हसतेसुद्धा. वाद म्हणाल तर तो काही मिटला नाही. पारावर अजून कुणी म्हणतं, यंत्र खोटं हुतं. मग दुसरा म्हणतो, खोटं कसं? बरोबर जाग्यावर नेऊन उभं केलं की! मास्तर तेवढ्यापुरती कंबर चोळतात.

आणि मी? काही दिवस मी फडताळात धूळ खात पडलो होतो. पितळ काळवंडलं, काडी खुंटीवर जाम झाली. तेव्हा मला फार वाईट वाटायचं. तंबोरा व्हायला निघालो, सूर धरला नाही. सोनं शोधायला निघालो, सोनं सापडलं नाही. मग एका संध्याकाळी माळावर वारा सुटला आणि घराचं दार सारखं आपटायला लागलं. अंजना फडताळाशी आली, तिने मला काढलं, पदराने पुसलं आणि माझी मूठ पाचरीसारखी दाराखाली सरकवून दार उघडं अडकवलं. तेव्हापासून माझी जागा ती. त्या दारातून तळ्याचा बांध दिसतो. वारा माळावरून येतो तेव्हा माझ्या काडीत बारीक गुंजारव होतो. अंजना भाकरी थापताना मध्येच थांबून तो ऐकते. गाठीचं लाकूड सूर आडवतं, असं चांदसाहेब म्हणाले होते. त्यांना एकदा इथे आणून बसवावं असं मला फार वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रं बाजारात अजून विकली जातात, आणि घेणारे घेतात. कुणाच्या हातातली काडी कुठे वळलेली दिसली तर लगेच कुदळ उचलू नका. काडीला काही विचारू नका. मूठ धरणाऱ्याजवळ बसा आणि त्याला विचारा की बाबा रे, बाई गं, तुझं काय हरवलंय? आणि तो सांगायला लागला की मधे बोलू नका.

मला मात्र दारातून हलवू नका. संध्याकाळी इथे वारा फार सुटतो, आणि दार लागलं तर बांध दिसत नाही.